मक्याच्या दाण्यातील साठवण प्रथिने आणि आई-बापाचा वाटा : प्रकल्प नोंदी, रब्बी २०२४-२५

६ नोव्हेंबर २०२४

दिवाळी आटोपताच आज पहिली पेरणी केली. शेत सोलापूर-मंगळवेढा रस्त्यालगत, सीनेच्या अलीकडे आहे. जमीन मध्यम काळी असून विहिरीच्या पाण्यावर ठिबक बसवलेले आहे. चहूबाजूंनी मालदांडी ज्वारी आहे, त्यामुळे ज्वारीच्या मुलखात मक्यावर प्रयोग कशासाठी, असा प्रश्न शेतमालक काकांनी विचारलाच. ज्वारीच्या एवढ्याशा फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर शेजारी-शेजारी असतात आणि संकर करायचा तर फूल उमलण्याआधी चिमट्याने एकेक परागकोश काढावा लागतो. मक्यात मात्र नर फुले शेंड्यावरच्या तुऱ्यात आणि मादी फुले खोडाच्या कडेला कणसात असतात, म्हणून दोन कागदी पिशव्यांवर काम भागते. शिवाय कणसावरचा प्रत्येक दाणा हे स्वतंत्र अपत्य असते. ज्वारीतील काफिरिन आणि मक्यातील झेन ही साठवण प्रथिने जवळच्या नात्यातली आहेत, तेव्हा मक्यावर हात बसला की मालदांडीकडे वळता येईल.

प्रश्न असा आहे. आमच्याकडे दोन इनब्रेड, म्हणजे पिढ्यानपिढ्या स्वपरागणाने शुद्ध केलेले, वाण आहेत. वहीत त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हटले आहे आणि संकर लिहिताना आईचे नाव आधी लिहायचे, असे ठरवले आहे. अ×ब आणि ब×अ या दोन्ही संकरांच्या (आई-बाप उलटवलेल्या अशा जोडीला व्युत्क्रम संकर म्हणतात) भ्रूणात जनुकांचा संच एकच असतो. असे असूनही दाण्यात साठणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण दोन्हींत वेगळे निघते का, आणि निघाले तर त्यामागे केवळ जनुकांच्या प्रतींची संख्या आहे, आईच्या झाडाने केलेले पोषण आहे, की ते जनुक आईकडून आले की बापाकडून याची दाण्याने राखलेली ओळख आहे? यातील शेवटच्या कारणाला जनुकीय ठसा, म्हणजे इम्प्रिंटिंग म्हणतात आणि प्रकल्पाचे खरे लक्ष्य तेच आहे.

१७ नोव्हेंबर

दोन्ही वाणांची दुसरी पेरणी केली. ‘ब’ चा तुरा लवकर येतो आणि ‘अ’ ची कणसे मागे राहतात, म्हणून पहिल्या पेरणीचे ‘अ’ आणि दुसऱ्या पेरणीचे ‘ब’ एकाच वेळी फुलावर यावेत, असा बेत आहे. पहिल्या पेरणीच्या पोंग्यात अमेरिकन लष्करी अळीची विष्ठा दिसली. २०१८ साली कर्नाटकात प्रथम नोंदवली गेलेली ही अळी आता आमच्याकडे मक्याबरोबर येतेच. कामगंध सापळे लावले आणि पोंग्यात निंबोळी अर्क सोडला.

३ डिसेंबर

आज प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांबरोबर बसून प्रकल्पाची मांडणी पुन्हा तपासली. ‘व्युत्क्रम संकरात फरक दिसला म्हणजे ठसा सिद्ध झाला’ असे वाक्य एकीच्या आराखड्यात होते. ते वाक्य का टिकत नाही हे सविस्तर नोंदवून ठेवतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत.

सपुष्प वनस्पतींमध्ये द्विफलन होते, हे १८९८ साली नवाशिन यांनी आणि पाठोपाठ १८९९ मध्ये गिन्यार यांनी दाखवले. परागनलिकेतून आलेल्या दोन नर युग्मकांपैकी एक अंडपेशीशी मिळते आणि भ्रूण होतो. दुसरे मध्यवर्ती पेशीतील दोन ध्रुवीय केंद्रकांशी मिळते आणि भ्रूणपोष, म्हणजे दाण्यातला अन्नसाठा, होतो. भ्रूणपोषात म्हणून गुणसूत्रांचे तीन संच असतात, दोन आईचे आणि एक बापाचा. झेन तयार होते आणि साठते ते याच भ्रूणपोषात. घरातल्या तीन मतांपैकी दोन मते आईची असावीत तशी ही रचना आहे, आणि आईचा कल जास्त दिसला तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

आकड्यांत सांगायचे तर, समजा एखाद्या प्रथिनाचे प्रमाण शुद्ध ‘अ’ मध्ये ९ एकके आणि शुद्ध ‘ब’ मध्ये ३ एकके आहे. प्रत्येक प्रत आपापल्या परीने काम करते, असे धरले तर अ×ब मध्ये नऊ, नऊ आणि तीन यांची सरासरी ७ येईल आणि ब×अ मध्ये तीन, तीन आणि नऊ यांची सरासरी ५ येईल. दोन एककांचा हा फरक निव्वळ २:१ या प्रमाणातून आलेला आहे. त्यात ठशाचा लवलेश नाही. पांढऱ्या मक्यावर पिवळ्याचे पराग पडले की दाणा फिकट पिवळा होतो आणि पिवळ्यावर पांढऱ्याचे पडले की गडद पिवळा राहतो, तो याच हिशेबाने.

ठसा म्हणायचा तर सातऐवजी आठ किंवा नऊ यावे लागेल, पाचऐवजी तीन यावे लागेल, आणि तेवढ्यानेही भागत नाही, कारण एक जनुक दुसऱ्याचे काम कमी-जास्त करत असेल तरी सरासरी बिघडते. ओपेक-२ हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. पर्ड्यू विद्यापीठातील मर्ट्झ, बेट्स आणि नेल्सन यांनी १९६४ मध्ये दाखवले की, हे उत्परिवर्तन असलेल्या मक्यात लायसीन या अमिनो आम्लाचे प्रमाण वाढते. पुढे कळले की ओपेक-२ हे मुळात २२ किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन हे प्रथिनाच्या आकाराचे माप) अल्फा प्रकारच्या झेनची जनुके चालू करणारे नियामक प्रथिन आहे. झेनमध्ये लायसीन आणि ट्रिप्टोफॅन नगण्य असतात, म्हणून झेन घटले की बाकीच्या प्रथिनांचा वाटा वाढतो आणि पोषणमूल्य सुधारते. आता या नियामकाची एकच चांगली प्रत, तीही बापाकडून, मिळाली तरी दाणा काचेसारखा घट्ट होतो; दोन बिघडलेल्या प्रती आईच्या असूनही त्यांचे काही चालत नाही. इथे सरासरीचा हिशेब सपशेल चुकतो आणि तरीही ठशाचा काही संबंध नसतो.

तिसरी बाब आईच्या झाडाची आहे. कणीस आईच्या अंगावर वाढते, साखर आणि अमिनो आम्ले तिच्या पानांतून येतात, दाण्याची साल तिच्याच पेशींची असते. ‘ब’ चे झाड जोमदार असेल आणि नत्र चांगले उचलत असेल, तर त्याच्या कणसातील सगळीच प्रथिने वाढतील. सगळे पट्टे (जेलच्या पातळ थरातून विजेच्या साहाय्याने प्रथिने आकारानुसार वेगळी केल्यावर दिसणाऱ्या रेघा) एकदम वाढले तर पोषणाकडे बोट दाखवायचे. एखादाच पट्टा वेगळा वागला तर पुढे शोध घ्यायचा, असा नियम आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

२८ डिसेंबर

पिशव्या, टाचण्या, पेन्सिली, खुणेच्या चिठ्ठ्या यांची जमवाजमव झाली. शेजारच्या शेतात मुरघासासाठी दाट मका लावलेला आहे आणि तो आमच्याच सुमारास तुऱ्यावर येणार, हे आज लक्षात आले. वारा त्याच बाजूने असतो. कणसाला केस फुटण्याआधीच प्रत्येक कणसावर पिशवी चढवायची, यात सवलत नाही.

१० जानेवारी २०२५

केस फुटायला आणि गड्ड्याची यात्रा भरायला एकच गाठ पडली. सिद्धेश्वरांच्या अक्षता सोहळ्याच्या आणि संक्रांतीच्या दिवसांत शेतात मजूर मिळणे अवघड, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. नंदीध्वजांची मिरवणूक पाहायची हौस आमच्या विद्यार्थ्यांनाही आहेच. म्हणून पाळ्या लावल्या आणि सकाळचे काम नऊ ते साडेअकराच्या आत उरकायचे ठरले.

काम असे चालते. आदल्या सायंकाळी कणसाचे टोक कापून केस सारखे करायचे आणि पिशवी परत चढवायची. रात्रीतून केस दोन-तीन बोटे वाढून सकाळी ब्रशासारखा झुपका तयार होतो. तुऱ्यावरही सायंकाळीच जाड पिशवी बांधायची, म्हणजे वाऱ्याने येऊन बसलेले परके पराग रात्रीतून मरतात. सकाळी दव वाळले की तुरा वाकवून पिशवीत झटकायचा. ताजा पराग फिकट पिवळा आणि पिठासारखा सुटा असतो. गडद होऊन गोळे झालेला पराग आम्ही टाकून देतो. कणसावरची पिशवी बाजूला करणे, पराग झुपक्यावर ओतणे आणि पिशवी परत ओढणे हे एका श्वासात व्हावे लागते. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बीजांड असते, म्हणून झुपक्याची एक बाजू कोरडी राहिली तर कणीसही त्या बाजूने बोडके राहते.

चारही प्रकार केले: अ×अ, ब×ब, अ×ब आणि ब×अ. एकाच ‘अ’ झाडाचा पराग त्याच्या स्वतःच्या कणसावर आणि ‘ब’ च्या कणसावर वापरण्याची काळजी घेतली, म्हणजे तुलनेत झाडागणिक फरक कमी येतो. स्वपरागणाची कणसे ही खर्चिक वाटली तरी शुद्ध पालकांच्या दाण्यांशिवाय सरासरी काढताच येत नाही.

१५ जानेवारी

परागणाचे काम संपले. आज ज्यांच्या चिठ्ठीवर तारीख पुसट झाली होती ती कणसे सरळ वगळली.

३१ जानेवारी

परागणानंतर विसाव्या दिवसाचे नमुने घेतले. झेनची निर्मिती साधारण दहाव्या-बाराव्या दिवसापासून सुरू होते आणि चाळिसाव्या दिवसापर्यंत चालते, तेव्हा संदेशवाहक आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून उतरवलेली नक्कल, मोजायला विसावा दिवस सोयीचा असतो. मात्र हा दिवस उबदार हवेतला धरलेला असतो. जानेवारीच्या थंड रात्रींमुळे आमचे दाणे थोडे मागे असतील, म्हणून तारखेबरोबर दाण्याची अवस्थाही नोंदवली: नख रुतल्यावर दुधाळ रस येतो, पण वरच्या टोकाला दाणा दाटसर होऊ लागला आहे.

द्रव नायट्रोजनसाठी धावाधाव करावी लागली नाही. जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात, म्हणून दुधाच्या या जिल्ह्यात तो मिळतो. परिचयातल्या पशुवैद्यांनी लहान पात्र भरून दिले.

दाणा सोलणे हे दिसते तेवढे बिनमहत्त्वाचे काम नाही. साल आणि तिच्या आतील अवशेष-ऊती या पूर्णपणे आईच्या असतात. त्यांचा तुकडा जरी भ्रूणपोषाबरोबर राहिला, तरी आरएनएमध्ये आईचेच प्रतिरूप, म्हणजे जनुकाची तिच्याकडची आवृत्ती, जास्त दिसते आणि नसलेला ठसा सापडल्याचा आनंद होतो. आम्ही कणसाच्या मधल्या भागातले दाणे घेतले, टोकाशी पात्याने छेद दिला, साल बोटाने मागे सरकवली, भ्रूण टोकदार चिमट्याने उचलून वेगळा केला आणि उरलेला पांढरा गोळा बर्फगार बफरमध्ये दोनदा धुऊन लगेच नायट्रोजनमध्ये टाकला. प्रयोगशाळेतील मामांचा हात यात आम्हा सगळ्यांपेक्षा चांगला चालतो. त्यांनी सोललेल्या गोळ्यावर भिंगाखालीही सालीचा पापुद्रा दिसला नाही, म्हणून आरएनएसाठीचे सगळे नमुने त्यांनीच सोलावेत, असे ठरले.

२१ फेब्रुवारी

आज पहिले जेल चालवले. सुकवलेल्या भ्रूणपोषाची पूड केली, एसडीएस आणि मर्कॅप्टोइथेनॉल असलेल्या अल्कधर्मी बोरेट बफरमध्ये सगळी प्रथिने विरघळवली आणि मग अल्कोहोलचे प्रमाण ७० टक्क्यांवर नेले. या टप्प्यावर बाकीची प्रथिने खाली बसतात आणि झेन द्रावणात राहते. मर्कॅप्टोइथेनॉलचा वास मजलाभर पसरतो आणि शेजारच्या प्राणिशास्त्र विभागातून दरवर्षी त्याबद्दल विचारणा होते, पण त्याला पर्याय नाही. गॅमा आणि बीटा झेनमध्ये सिस्टीन भरपूर असते; त्यांच्यातले गंधकाचे बंध तोडल्याशिवाय ती अल्कोहोलमध्ये नीट उतरत नाहीत, आणि मग जेलवर केवळ अल्फाचे दोन जाड पट्टे पाहून समाधान मानावे लागते.

पंधरा टक्क्यांच्या जेलवर वरून खाली २७ किलोडाल्टनचा गॅमा, मग २२ आणि १९ चे अल्फा, त्याखाली १६ चा गॅमा आणि १५ चा बीटा हे अगदी लगत, आणि तळाशी १० चा डेल्टा असा क्रम लागतो. अल्फाचे पट्टे ठसठशीत असतात, कारण झेनमध्ये त्यांचाच वाटा सर्वाधिक असतो आणि प्रत्येक पट्ट्यामागे एक नव्हे तर अनेक जनुकांचे कुटुंब असते. त्यामुळे अल्फाच्या पट्ट्यावरून एखाद्या जनुकाबद्दल बोलणे धाडसाचे ठरते; कुटुंबातल्या एखाद्या प्रतिरूपावर ठसा असला तरी तो बाकीच्यांच्या गर्दीत झाकला जाईल. इटलीतील व्हिओत्ती यांच्या गटाने १९९५ मध्ये नेमके हेच दाखवले होते: काही ठरावीक झेन प्रतिरूपांवरचे मिथिल गट (जनुक गप्प ठेवणाऱ्या रासायनिक खुणा) आईकडून आलेल्या प्रतीतून निघून जातात आणि ती प्रत बोलकी होते, बापाकडून आलेली तीच प्रत मिथिलयुक्त राहते. ‘काही ठरावीक’ हे शब्द विसरता कामा नयेत.

दोन नियंत्रक खणांची कल्पना एका विद्यार्थिनीची आहे आणि मला ती फार आवडली. शुद्ध ‘अ’ आणि शुद्ध ‘ब’ यांची पूड वजनाने २:१ आणि १:२ अशी मिसळून तिचा अर्क त्याच जेलवर शेजारी चालवायचा. सरासरीचा हिशेब मग कागदावर करावा लागत नाही. तो डोळ्यांसमोर पट्ट्याच्या रूपात उभा राहतो. संकराचा पट्टा मिश्रणाच्या पट्ट्याइतकाच असेल तर प्रतींच्या संख्येने सगळे समजावले.

६ मार्च

जेल पुन्हा चालवून छायाचित्रे मोजली. २७, २२ आणि १९ किलोडाल्टनच्या पट्ट्यांत दोन्ही संकर आपापल्या मिश्रणाशी जुळतात. डोळ्यांना फरक दिसतो, पण तो २:१ च्या बाहेर जात नाही. १५ आणि १६ चे पट्टे आमच्या जेलवर पुरेसे वेगळे होत नाहीत, त्यांच्याविषयी लिहीत नाही.

१० किलोडाल्टनचा पट्टा मात्र वेगळे बोलतो. तो शुद्ध ‘ब’ मध्ये ठळक आणि शुद्ध ‘अ’ मध्ये पुसट आहे. ब×अ मध्ये तो जवळपास शुद्ध ‘ब’ इतकाच ठळक येतो. अ×ब मध्ये तो शुद्ध ‘अ’ सारखा पुसट राहतो, दोन भाग ‘अ’ आणि एक भाग ‘ब’ यांच्या मिश्रणापेक्षा स्पष्टपणे कमी. बाकीचे पट्टे जागेवर असताना हा एकच हलतो, म्हणजे पोषणाचे कारण मागे पडते. पहिल्या पानावरचा नियम इथे उपयोगी पडला.

विद्यार्थ्यांमध्ये उत्साह संचारला आहे आणि तो समजण्यासारखा आहे, कारण याच पट्ट्याला इतिहास आहे. १० किलोडाल्टनच्या डेल्टा झेनमध्ये मेथिओनीन हे अमिनो आम्ल सुमारे २२ टक्के असते. बीएसएसएस५३ हा अमेरिकी इनब्रेड वाण ते भरपूर साठवतो आणि मो१७ कमी साठवतो. चौधुरी आणि मेसिंग यांनी १९९४ मध्ये दाखवले की डीझेडआर१ या नियामक स्थानाचे मो१७ मधील प्रतिरूप आईकडून आले तर प्रभावी ठरते आणि डेल्टा झेन घटवते, बापाकडून आले तर अप्रभावी राहते. हे नियंत्रण आरएनए तयार झाल्यानंतरच्या टप्प्यावर चालते. आमचा ‘अ’ हा मो१७ नाही आणि त्याच्याशी त्याचे नाते आम्ही तपासलेले नाही, म्हणून नमुना तसाच दिसला तरी कारण तेच आहे असे वहीत कुठेही लिहायचे नाही, अशी सक्त सूचना दिली आहे.

१७ मार्च

आता अडचण अशी की, वरचा नमुना ठशाशिवायही पडू शकतो. समजा ‘अ’ चे प्रतिरूप घट घडवते, पण त्यासाठी त्याच्या किमान दोन प्रती लागतात. आई ‘अ’ असेल तर दोन प्रती मिळतात आणि पट्टा पुसट होतो. बाप ‘अ’ असेल तर एकच प्रत मिळते आणि काही होत नाही. निष्कर्ष हुबेहूब तोच, आणि आई-बापाची ओळख राखण्याची गरजही नाही.

हेज आणि ईस्ट यांनी १९१५ मध्ये पिठूळ आणि कडक दाण्याच्या मक्यात असेच पाहिले होते: आई पिठूळ असेल तर दाणा पिठूळ, आई कडक असेल तर दाणा कडक. संकरित झाडाच्या कणसावर त्यांना दोन्ही प्रकारचे दाणे १:१ मिळाले, कारण आईकडच्या दोन प्रती एकाच केंद्रकापासून आलेल्या, म्हणून नेहमी जोडीने सारख्या असतात आणि बापाची एकुलती प्रत त्यांना हलवू शकत नाही. पुढच्या पिढीत आमच्याही कणसावर ठळक आणि पुसट दाणे १:१ मिळाले, तर ते ठशाला जितके अनुकूल असेल तितकेच प्रतींच्या संख्येलाही असेल. तो प्रयोग करायचा, पण त्याने निकाल लागेल अशी अपेक्षा ठेवायची नाही.

निकाल लागतो तो आई आणि बाप यांचे वाटे समान केल्यावर. कर्मिकल यांनी १९७० मध्ये आर या रंगजनुकाचा ठसा सिद्ध केला तो याच वाटेने. आर आईकडून आले तर दाण्याच्या अॅल्युरॉन थराचा, म्हणजे भ्रूणपोषाच्या सर्वांत बाहेरच्या थराचा, रंग एकसारखा भरतो, बापाकडून आले तर ठिपके-ठिपके उमटतात. बापाकडून दोन प्रती पोचवल्या तरी ठिपके राहिले, तेव्हा संख्येचे स्पष्टीकरण बाद झाले. एका विशिष्ट जनुकावर ठसा असतो, याचे पहिले पक्के उदाहरण म्हणून ते आजही शिकवले जाते. बापाकडून दोन प्रती पोचवण्याची युक्ती बी-गुणसूत्रांची, म्हणजे नेहमीच्या संचाबाहेरच्या जादा गुणसूत्रांची, आहे. मक्याचे बी-गुणसूत्र परागकणातील दुसऱ्या विभाजनात वेगळे होत नाही; एका नर युग्मकात दोन प्रती जातात आणि दुसरे रिकामे राहते. नेहमीच्या गुणसूत्राचा तुकडा या बी-गुणसूत्राला जोडलेला असला की तोही जोडीने जातो, आणि दोन प्रती असलेले युग्मक मध्यवर्ती पेशीशी मिळाले की त्या तुकड्यापुरते भ्रूणपोषात आईचे दोन आणि बापाचे दोन असे वाटे होतात. चौधुरी आणि मेसिंग यांनीही समान वाट्यांचे भ्रूणपोष तपासूनच प्रतींची शंका दूर केली होती.

बापाचा अख्खा संचच दुप्पट करावा, म्हणजे चतुर्गुणित (गुणसूत्रांचे चार संच असलेल्या) मक्याचा पराग वापरावा, असे एकाने सुचवले. तसे चालत नाही. लिन यांनी १९८४ मध्ये दाखवले की, मक्याच्या भ्रूणपोषाला आई-बापाचे २:१ हे प्रमाणच लागते आणि ते संपूर्ण संचासाठी बिघडले की भ्रूणपोष नीट वाढतच नाही. सुरकुतलेल्या दाण्यात झेन मोजून काय कळणार? एका तुकड्यापुरता फेरफार करणारी बी-गुणसूत्राची पद्धत म्हणूनच अमोल आहे. असे साठे इलिनॉयमधील अर्बाना येथील मक्याच्या साठा केंद्रात जपलेले आहेत आणि संशोधनासाठी बियाणे बाहेरून आणायचे तर नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन संस्थेमार्फत परवाना आणि विलगीकरण तपासणी करावी लागते. अर्जाचा मसुदा तयार करायला घेतला आहे.

२ एप्रिल

कणसे काढली. शेतमालक काकांनी कणीस हातात घेऊन व्यवहारी प्रश्न विचारला: “सर, कोंबडीखाद्यात मेथिओनीन विकत घालावं लागतं म्हणता, तर ‘ब’ ला आई करूनच बियाणं बनवा की, आमच्या मक्यात ते आपोआप येईल.” प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर आमच्या अहवालातही जायला हवे. शेतकरी पेरतो तो दाणा आणि काढतो तो दाणा या दोन वेगळ्या पिढ्या आहेत. ‘ब’ ला आई करून तयार केलेल्या संकरित दाण्यात डेल्टा झेन जास्त असेल, पण तो दाणा मातीत जातो. त्यातून उगवलेल्या झाडावर जे कणीस भरते, त्याची आई संकरित आहे आणि बापही संकरितच आहे. चौधुरी आणि मेसिंग यांच्या दुसऱ्या पिढीच्या प्रयोगात आजी-आजोबांचा काही परिणाम दिसला नव्हता. त्या स्थानाची प्रभाविता प्रत्येक पिढीत लगतच्या आई-बापावरून नव्याने ठरते. त्यामुळे आमच्याही पट्ट्यामागे तसाच ठसा असला, तर अ×ब पेरा किंवा ब×अ पेरा, शेतातल्या कणसात कमी-जास्तीचे दाणे निम्मे-निम्मेच येतील. संख्येचे कारण असले तरी उत्तर हेच. मेथिओनीन हवे असेल तर दोन्ही पालकांत ‘ब’ चे प्रतिरूप आणावे लागेल, आणि ते पैदाशीचे नेहमीचे, सावकाश काम आहे.

काकांना हे पटले, फक्त “मग एवढा खटाटोप कशाला?” असे त्यांनी विचारलेच. गुणसूत्रांच्या दोन प्रतींत अक्षरांचा फरक नसताना एक बोलते आणि दुसरी गप्प राहते, ही गोष्ट मला स्वतःला पुरेशी वाटते. त्यांना मी ज्वारीचे सांगितले.

१० एप्रिल

ऊन आता असे आहे की, दुपारी प्रयोगशाळेत जेल ओतले तर ते साच्यात नीट पसरायच्या आत घट्ट होते. जेलचे काम सकाळी सातला हलवले.

आरएनएचे नियोजन ठरवले. ‘अ’ आणि ‘ब’ यांच्या डेल्टा झेन जनुकात एका अक्षराचा फरक असेल, तर संकरातील आरएनएपासून बनवलेल्या डीएनए प्रतींचे अनुक्रमण करून आईची आणि बापाची अक्षरे किती-किती येतात हे मोजता येईल. २०११ मध्ये दोन गटांनी बी७३ आणि मो१७ या वाणांच्या व्युत्क्रम संकरांवर संपूर्ण जनुकसंचासाठी हेच केले आणि तीस हजारांहून अधिक जनुकांमधून एकाला सुमारे १००, तर दुसऱ्याला १७९ ठसायुक्त जनुके मिळाली. ठसा हा अपवाद आहे, हे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवायला हे आकडे पुरेसे आहेत.

या मोजणीतून तीन शक्यता निघतात आणि त्या निकाल हाती येण्याआधीच लिहून ठेवत आहे. आईचे आणि बापाचे आरएनए दोन्ही संकरांत २:१ असेच निघाले आणि तरीही प्रथिनाचा पट्टा एका संकरात घटलेला असला, तर झेनच्या जनुकावर ठसा नाही. जे काही आहे ते दुसरीकडे बसलेल्या नियामकात, आणि तिथेही ठसा की संख्या हे बी-गुणसूत्रांशिवाय कळणार नाही. दोन्ही संकरांत आईचेच आरएनए २:१ च्या पुष्कळ पुढे गेले, तर ठसा खुद्द झेनच्या जनुकावर असण्याची दाट शक्यता आहे आणि मग त्या भागातील मिथिल गट तपासायचे. आई कोणीही असो, दोन्ही संकरांत ‘ब’ चेच प्रतिरूप जास्त बोलत असेल, तर तो आई-बापाचा प्रश्नच उरत नाही. ‘ब’ चे जनुक मुळातच जोरकस आहे. मला स्वतःला पहिली शक्यता जास्त वाटते, कारण डीझेडआर१ च्या बाबतीतही नियामक स्थान आणि डेल्टा झेनचे जनुक वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत. पण माझे वाटणे नमुन्यांच्या नळ्यांवर लिहिलेले नाही, आणि मोजणी करणाऱ्या विद्यार्थिनीला कोणती नळी कोणत्या संकराची हे शेवटपर्यंत कळू द्यायचे नाही, असे आज ठरले. संकेतांक मामांकडे राहतील.

प्रायमरची (डीएनएच्या प्रती काढायला लागणाऱ्या छोट्या तुकड्यांची) मागणी नोंदवली. खरिपात अ×ब आणि ब×अ यांचे दाणे वेगवेगळ्या ओळींत पेरून स्वपरागणाची कणसे घ्यायची आहेत. शेजारी मुरघासाचा मका पुन्हा येणार असल्याने पेरणी त्यांच्यानंतर तीन आठवड्यांनी ठेवायची, असे काकांशी बोलून पक्के केले.